तिसरी सही

"दिगू, थांब. गाडी घासतेय," मी म्हणाले.

"नाही घासत."

"माझ्या कानाशी घासतेय आणि तू म्हणतोस नाही घासत?"

पुढच्या सीटवरून मृणालने वळून माझ्याकडे पाहिलं. माझी ही भावजय नवऱ्याला स्वतः कधी टोकत नाही, पण दुसऱ्या कुणी टोकलं की तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. दिगूने ॲक्सिलरेटर दाबला. दोन्ही बाजूंनी पत्रा खरवडला, गाडी वीतभर पुढे सरकली आणि गचकन थांबली. त्याने रिव्हर्स टाकला. तसाच आवाज, पण गाडी जागची हलेना. क्लच जळल्याचा वास आत भरला.

"झालं कल्याण," मी म्हणाले.

ही गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. आईला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून माझ्या धाकट्या भावाने, दिगंबरने, आम्हाला इटलीला नेलं होतं. तो, मृणाल, त्यांची सतरा वर्षांची केतकी, आई आणि मी. रोम पाहून झालं होतं आणि नऊ सीटची भाड्याची गाडी घेऊन आम्ही फ्लॉरेन्सकडे निघालो होतो. वाटेत डोंगरावर दगडी घरांचं एक गाव दिसलं. दिगू म्हणाला, जेवायचं तर इथेच. गावाच्या वेशीत एक म्हातारा दोन्ही हात हलवून नको नको सांगत होता. शेजारी लाल गोलाची पाटीही होती.

"यांना सवय नसते," दिगू म्हणाला होता. "मिरजेला ब्राह्मणपुरीच्या बोळातून मी बाबांची ॲम्बॅसॅडर काढायचो."

काढायचा, हे खरं. पण ते बोळ त्याला पाठ होते. या गावातला बोळ चढाचा, वर जाईल तसा चिंचोळा होत गेलेला, आणि आमची गाडी त्यात बुचासारखी बसली होती. पुढची दारं उघडेनात. मधलं सरकतं दार आधी चार बोटं बाहेर येतं आणि मग सरकतं, आणि बाहेर चार बोटं जागा नव्हती. मी काच खाली केली तर हाताला थेट भिंतीचा दगड लागला. मागचं दार तेवढं मोकळं होतं, पण त्याच्या आणि आमच्या मध्ये सहा सुटकेसा छपरापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्या अलीकडे कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेली केतकी.

"दिगू, मला कोंडल्यासारखं होतंय रे," आई म्हणाली. ती माझ्या शेजारी होती. पदराने तिने तोंड पुसलं.

"पाच मिनिटं, आई. गाडीवाल्या कंपनीला फोन लावतो. त्यांचा माणूस येईल." त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून कसलीशी धून वाजायला लागली. "ताई, ते ॲग्रीमेंट नंबर विचारतील. तुझ्या पायाशी माझी बॅग आहे बघ. निळ्या फाइलमध्ये गाडीचे कागद आहेत, ते दे."

"निळी नको, थांबा, मी देते," मृणाल म्हणाली आणि तिचा हात घाईघाईने दोन सीटच्या मधून मागे आला.

तोवर मी फाइल उघडली होती.

वरचाच कागद मराठीत होता. घर सोडल्यापासून मराठीत छापलेलं काही दिसलं नव्हतं, म्हणून असेल, माझी नजर त्यावर आधी गेली. हक्कसोडपत्राचा मसुदा. वडिलांच्या मागे राहिलेल्या मिरजेच्या घरातला आपला हिस्सा आई आणि मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, दिगंबरच्या नावे सोडून देत आहोत. खाली तीन नावं. दिगूची सही झालेली. आईची सही झालेली, तिची ती गोल, सावकाश काढलेली अक्षरं. तिसरं नाव माझं, शैलजा. त्याच्यापुढे जागा कोरी, आणि सही कुठे करायची ते मला कळावं म्हणून पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवलेली.

या घरात मी अकरा वर्षं राहत होते. बार्शीहून दोन बॅगा घेऊन आले ती परत नवऱ्याकडे गेले नाही. बाबांनी वरची खोली रिकामी करून दिली आणि कधी एका शब्दाने काही विचारलं नाही. तिथेच मी आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. बाबा त्या प्रवासाच्या दोन वर्षं आधी गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यामुळे घरावर आम्हा तिघांची नावं लागली. एवढ्या मोठ्या जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या फुलीवर सही केली की मी माझ्याच घरात दिगूची पाहुणी होणार होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

फोनमधली धून वाजत राहिली.

"ते गाडीचं नाही. त्याच्या खालचं दे," दिगू म्हणाला.

"ते कळलं मला. हे काय आहे?"

"आत्ता नको, ताई. फ्लॉरेन्सला गेल्यावर निवांत बोलणार होतो."

"निवांत म्हणजे सही झाल्यावर का?"

"ताई, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका," मृणाल म्हणाली. "बिल्डरला टायटल क्लिअर लागतं, दुसरं काही नाही. खाली दुकानं, वर फ्लॅट. आईंना आम्ही पुण्याला नेऊ, त्यांचं आता वय झालं."

"आणि मी?"

"तुम्हाला एक खोली आहेच की त्यात."

"कुठे आहे? या कागदात दाखव मला."

दिगूने मान वळवली. कपाळावरून घाम ओघळत होता. "घरातल्या घरात काय लिहून घ्यायचं असतं, ताई? मी तुला रस्त्यावर काढणार आहे का?"

"घरातल्या घरात लिहून घ्यायचं नसतं, तर मग माझ्या हातात हे काय आहे?"

मागे केतकीने कानातलं एक बोंड काढलं. "बाबा, काय झालं?"

"तू गप्प बस," मृणाल आणि दिगू एकदमच म्हणाले.

मी आईकडे वळले. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं, नुसता दगड.

"आई, तू सही केलीस."

"केली."

"कधी?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. दिगू आला होता ना."

"मी वरच होते त्या दिवशी. मला सांगितलं का नाहीस?"

तिच्याऐवजी दिगू बोलला. "मला कशाला बोल लावतेस? मी तेव्हाच वर येऊन तुला विचारणार होतो. आईच म्हणाली, घरी विचारू नको. तिकडे इटलीला ने आणि तिथे विचार."

आईने नाही म्हटलं नाही.

दिगूचं मला एवढं लागलं नाही. तो लहानपणापासून असाच, त्याला हवं ते त्याचंच असतं. पण आई? रोज सकाळी तिच्या पोटावर इन्सुलिनची सुई मी टोचत होते. रात्री बाबांच्या आठवणीने तिला झोप लागली नाही की मी खाली येऊन तिच्याशेजारी आडवी होत होते. आणि या बाईने मला विमानात बसवून, जग फिरवायच्या नावाखाली, कागदावर सही करायला आणलं होतं. मला रडू आलं. रडू आलं याचा संताप त्याहून जास्त आला.

तेवढ्यात गाडी मागे सरकली. हँडब्रेक ओढलेला होता तरी सरकली, फूटभर. पत्रा किंचाळला. आईने माझं मनगट घट्ट धरलं. दिगूने ब्रेकवर पाय दाबला आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो. उतार मागे बराच लांब होता आणि खाली रस्त्यावर माणसांची ये-जा होती.

"पाय काढू नका हं," मृणाल पुटपुटली.

"नाही काढत."

मागच्या काचेवर थापा ऐकू आल्या. ॲप्रन घातलेली एक धिप्पाड बाई आणि दोन माणसं. बाई भराभर काहीतरी बोलत होती आणि हाताने किल्ली फिरवल्यासारखं करून दाखवत होती. "मागचं लॉक काढा म्हणतेय," केतकी म्हणाली. दिगूने बटण दाबलं. दार वर गेलं, दोन सुटकेसा आपोआप खाली गडगडल्या आणि पहिल्यांदा वारा आत आला. त्या माणसांनी चाकांमागे दगड लावले, पण दिगूने पाय काढायचा नाही असं त्यांनी खुणेने निक्षून सांगितलं. मग भराभर सामान उतरवलं. केतकी सीटवरून उडी मारून बाहेर गेली. मृणालने सँडल हातात घेतले, ड्रेस सावरला आणि सीटांवरून रांगत तीही गेली. जाताना माझ्या मांडीवरच्या फाइलीकडे एकदा बघून गेली.

आत राहिलो आई, मी आणि ब्रेकवर पाय ठेवून बसलेला दिगू. फोन केव्हाच कट झाला होता.

"चल आई," मी म्हणाले.

"थांब जरा," दिगू म्हणाला. त्याने शर्टच्या खिशातून पेन काढलं आणि न वळताच हात मागे केला. "कर सही, ताई. विषय संपव. बाहेर पडल्यावर हे डोक्यात घेऊन मला पुढचे सहा दिवस काढायचे नाहीत."

"गाडी इथे लटकलीय आणि तुला सही सुचतेय?"

"मला दोन वर्षं तेच सुचतंय. धंदा बसलाय माझा. तुला कोण सांगणार? बिल्डर जूनच्या पुढे थांबणार नाही. नऊ तारखेची नोंदणीची वेळ घेऊन ठेवलीय मी." त्याचा आवाज कापत होता.

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं. मी त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी तो असा रडवेला झाला की मी माझ्या वाटणीचं त्याला देऊन टाकायची, ते शहाणपण म्हणून नव्हे, त्याचा चेहरा बघवायचा नाही म्हणून. मी पेनाचं टोपण काढलं. फाइल गुडघ्यावर टेकवली. आई बघत होती, मला कळत होतं की बघत होती.

"आणि तूच सांग," दिगू म्हणाला, "तू बार्शी सोडून आलीस तेव्हा कुणी तुला काही बोललं? मृणालच्या माहेरचे मला काय काय विचारायचे. मी एका शब्दाने बोललो कधी? अकरा वर्षं राहू दिलंच ना तुला?"

"राहू दिलं?"

"मग काय?"

मी टोपण परत लावलं.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"सही करणार नाही. इथे नाही आणि मिरजेलाही नाही. मला कुणी राहू दिलेलं नाही. मी माझ्या बापाच्या घरात राहते."

आवाज माझा मलाच ओळखू येईना, इतका बारीक निघाला. पन्नाशीला आले होते, पण या घरात कुणालाही मी तोपर्यंत 'नाही' म्हटलेलं मला आठवत नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याला मी फक्त सोडून आले होते.

"आई, तू सांग हिला," दिगू म्हणाला.

"आधी बाहेर पडू," आई म्हणाली.

ते पाऊण तासाचं काम होतं असं वाटलं, झालं असेल पाच मिनिटांत. आईने लुगडं खोचलं, एक गुडघा सीटवर ठेवला, दुसरा उचलेना. मी मागून ढकललं. "अगं दुखतंय," "हळू गं," असं करत करत ती मागच्या रांगेत पोचली. तिथून त्या ॲप्रनवाल्या बाईने तिच्या काखेत हात घातले आणि तिला अलगद बाहेर काढून घेतलं. मी फाइल काखोटीला मारली आणि मागोमाग उतरले. कागद मी गाडीत ठेवणार नव्हते.

बाईने आईला शेजारच्याच आपल्या घराच्या पायरीवर बसवलं, पाण्याची बाटली आणि पेले आणून ठेवले. केतकी आणि मृणाल सामानाजवळ उभ्या होत्या. खालून कुणीतरी ट्रॅक्टर आणला. गाडीला मागून दोर बांधला, दोघे-तिघे बाजूंनी ओरडत होते, दिगू आतून स्टिअरिंग सांभाळत होता. एकदा दोर सुटला तेव्हा मी 'दिगू!' म्हणून ओरडले. रागावले होते, तरी ओरडले. शेवटी गाडी खाली रुंद जागेत पोचली. दोन्ही बाजू पार सोलून निघाल्या होत्या. दिगू उतरला आणि चढ चढून आमच्याकडे आला. शर्ट अंगाला चिकटला होता.

"दिगू, तो कागद कुठे आहे?" आईने विचारलं.

"ताईकडे."

मी फाइल आईला दिली. तिने चष्मा लावला, कागद काढला, आणि जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वरपासून खालपर्यंत वाचला.

"नऊ तारखेला मी येणार नाही," ती म्हणाली.

"म्हणजे? आई, तू सही केलीयस यावर."

"केलीय. पण तिथे कचेरीत साहेब समोर बसवून विचारतात ना, आजी, राजीखुशीने करताय ना म्हणून? तिथे मी हो म्हणणार नाही."

दिगू तिच्याकडे बघत राहिला. "तूच म्हणालीस, ताईला तिकडे नेऊन विचार. तूच."

"हो. मीच म्हणाले. घरी विचारलं असतंस तर ती तुझ्यासाठी चहा टाकायला उठली असती, आणि कप ठेवता ठेवता सही करून गेली असती. मला ठाऊक आहे. माझ्या भावांनी माहेरच्या घराचा असाच कागद आणला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हात पुसले, सही केली आणि तवा तापलाय म्हणून परत बसले. पोळी करपली नाही याचंच मला बरं वाटलं होतं. त्या दिवशी तू आलास तेव्हाही तेच झालं. पाडव्याचं उरलेलं श्रीखंड तुला वाढत होते." तिने कागदाची घडी घातली. "इथे हिला स्वयंपाकघर नव्हतं. म्हटलं, इथे विचारू दे. मग काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आणि ती हो म्हणाली असती तर?"

"तर मीही गप्प बसले असते," आई म्हणाली.

मृणालने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दिगूने तिला हाताने थांबवलं आणि तो सामानाकडे गेला. एकेक सुटकेस उचलून तो उतारावरून खाली गाडीत नेऊन टाकू लागला. केतकी त्याच्या मागे मागे गेली.

मी आईच्या शेजारी पायरीवर बसले. माझा राग अजून गेला नव्हता.

"मला एवढंच सांगायचंस, सही करू नकोस म्हणून," मी म्हणाले. "दोन महिने होते. रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

"मी करून बसलेली. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग आत्ता कुठून आलं तोंड?"

आईने माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मला वाटायचं, 'नाही' असं आपल्याला म्हणताच येत नाही," ती म्हणाली. "तू म्हणालीस तेव्हा कळलं, म्हणता येतं."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले, तिथेच, परक्या गावात, परक्या दारात. आईने मला थोडा वेळ रडू दिलं.

"ऊठ आता," ती म्हणाली. "त्याला पाणी नेऊन दे. केव्हाचा ब्रेकवर पाय ठेवून बसला होता."

मी पेला भरला आणि उतारावरून खाली गेले. दिगूने पाणी घेतलं, सगळं प्यायला आणि पेला माझ्या हातात परत दिला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला तो चार वर्षांनी, आई गेली त्या दिवशी, मिरजेच्या घरात.